न दिसणाऱ्या वाऱ्याचा माग

चैत्र-वैशाखाच्या ऐन दुपारी उघड्या माळावर वावटळ उठते. धूळ, पाचोळा, एखादा कागदाचा कपटा गरगरत वर चढतो आणि थोड्याच वेळात सारे शांत होते. वावटळ दिसली असे आपण म्हणतो खरे, पण दिसते ती धूळ. वारा काही दिसत नाही. माळावर दाट गवत असेल, माती ओली असेल, तर तीच वावटळ हाकेच्या अंतरावरून निघून गेली तरी पत्ता लागणार नाही.

धुळीची वावटळ फार तर वाळत घातलेले कपडे उडवून नेते. पण अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट, गवताळ प्रदेशात दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर जे वारे गरगरत जमिनीवर उतरते, ते घरेच्या घरे पायापासून उपटते. त्याला टोर्नेडो म्हणतात. मराठीत घूर्णवाती वादळ असे त्याचे नाव आहे. आपल्या किनाऱ्यांवर येणाऱ्या चक्रीवादळाशी त्याची गल्लत करू नये. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि दिवसचे दिवस टिकते. टोर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटर असते आणि आयुष्य काही मिनिटांचे. चक्रीवादळ येणार हे दोन-चार दिवस आधी सांगता येते. टोर्नेडोच्या बाबतीत मात्र हिशेब मिनिटांचा असतो. अमेरिकेत दरवर्षी सरासरी बाराशेच्या आसपास टोर्नेडोंची नोंद होते.

जे दिसत नाही, जे दहा-पंधरा मिनिटांत संपते आणि ज्याच्या जवळ जाणे म्हणजे जिवाशी खेळ, त्याचा अभ्यास करायचा कसा? गेल्या पाऊणशे वर्षांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली, त्यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे. वारा दिसत नसेल, तर वाऱ्याने जे हलवले, मोडले, उडवले ते पाहायचे. या युक्तीतून माणसाच्या पदरात पडली ती काही मिनिटे. त्या मिनिटांची ही हकीगत आहे.

ढगाच्या पोटात

मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उष्ण, दमट हवा जमिनीलगत उत्तरेकडे सरकते. तिच्या डोक्यावरून पश्चिमेच्या रॉकी पर्वतांकडून कोरडी, थंड हवा वाहते. खालची हलकी हवा वर उसळते आणि पाहता पाहता बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा गर्जणारा ढग उभा राहतो. वळवाच्या पावसाचे ढग आपल्याकडेही असेच उभे राहतात. पण तिथे आणखी एक गोष्ट घडते. जमिनीलगतचा वारा मंद असतो आणि एका दिशेचा असतो, वरचा वारा वेगवान आणि वेगळ्या दिशेचा असतो. पोळपाटावर लाटणे ठेवून त्यावरून तळहात पुढे सरकवला की लाटणे फिरू लागते. तशीच या दोन वाऱ्यांमधली हवा आडवी लोळू लागते. हे अदृश्य लाटणे ढगात वर चढणाऱ्या प्रवाहाच्या तावडीत सापडले की ते उभे होते, आणि मग सारा ढगच संथपणे फिरू लागतो. अशा फिरत्या महाढगाला सुपरसेल म्हणतात.

दोरीला खडा बांधून गरगर फिरवावा आणि दोरी बोटाभोवती गुंडाळू द्यावी. दोरी आखडत जाते तसा खडा अधिकाधिक वेगाने फिरतो. फिरणाऱ्या हवेचा स्तंभ ताणला जाऊन बारीक झाला की तिचेही तसेच होते. आतला दाब घटतो, हवा गार होते, बाष्पाचे थेंब बनतात आणि ढगाच्या तळातून एक सोंड खाली लोंबू लागते. ही सोंड म्हणजेही वारा नव्हे, ती थेंबांची आणि धुळीची. कधी कधी सोंड जमिनीपर्यंत पोचलेली दिसत नाही, पण खाली पत्रे उडत असतात.

इथवरचे गणित बरेचसे उलगडले आहे. अडते ते पुढे. फिरणाऱ्या ढगांपैकी थोडेच टोर्नेडोला जन्म देतात, बाकीचे गडगडाट करून, गारा पाडून विरून जातात. शेजारी शेजारी दिसणाऱ्या दोन ढगांपैकी नेमका कोणता घात करणार, हे आजही खात्रीने सांगता येत नाही.

शब्दाचीच धास्ती

एके काळी अमेरिकेच्या हवामान खात्यात ‘टोर्नेडो’ हा शब्द अंदाजात वापरायलाच मज्जाव होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कित्येक दशके हा दंडक पाळला गेला. लोक घाबरून सैरावैरा धावतील आणि वादळापेक्षा घबराटीनेच जास्त नुकसान होईल, अशी अधिकाऱ्यांची समजूत होती.

२० मार्च १९४८ च्या रात्री ओक्लाहोमा राज्यातील टिंकर या हवाई दलाच्या तळावर टोर्नेडो आला आणि तळावरची कितीतरी विमाने मोडून गेला. तळाच्या प्रमुखांनी अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या आपल्या दोन हवामान अधिकाऱ्यांना विचारले की असे वादळ आधी ओळखता येईल का? दोघांनी जुन्या टोर्नेडोंच्या दिवसांचे नकाशे काढले आणि त्या त्या दिवशी हवेची मांडणी कशी होती ते पडताळले. अवघ्या पाच दिवसांनी, २५ मार्चला, तीच मांडणी पुन्हा नकाशावर उमटली. आठवड्याभरात त्याच जागी दुसरा टोर्नेडो येण्याची शक्यता नगण्य. तरीही त्यांनी दुपारी इशारा दिला. विमाने आत हलवली गेली, माणसे सुरक्षित जागी गेली. संध्याकाळी सहाच्या सुमारास टोर्नेडो खरोखरच तळावरून गेला. नुकसान झाले, पण मृत्यू एकही नाही.

तो इशारा एका तळापुरता होता. पण टोर्नेडोचा अंदाज सांगता येतो, हे त्या संध्याकाळी सिद्ध झाले. १९५२ पासून हवामान खाते सर्वसामान्य लोकांसाठीही असे अंदाज देऊ लागले.

पडलेल्या झाडांची लिपी

या शास्त्रातले सर्वांत मोठे नाव मात्र अमेरिकेत जन्मलेल्या माणसाचे नाही. तेत्सुया फुजिता यांचा जन्म १९२० साली जपानच्या क्युशू बेटावर झाला. ऑगस्ट १९४५ मध्ये ते कोकुरा शहराजवळच्या तंत्रविद्यालयात शिकवत होते. ९ ऑगस्टला अणुबाँब टाकायचा तो कोकुरावर, असे ठरले होते. पण त्या दिवशी शहर ढगांनी, धुराने झाकलेले होते, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. काही आठवड्यांनी फुजिता नागासाकी आणि हिरोशिमाच्या अवशेषांची पाहणी करायला गेले. स्फोटाच्या बरोबर खाली असलेली झाडे होरपळली होती, पण उभी होती. सभोवारची झाडे मात्र केंद्रापासून बाहेरच्या दिशेने, चांदणीच्या किरणांसारखी, आडवी झाली होती. वरून खाली आदळलेल्या आणि जमिनीवर चहूकडे पसरलेल्या झोताची ती सही होती. तो आकार फुजितांच्या मनात कायमचा कोरला गेला.

पुढे गडगडाटी वादळांवरील त्यांचे काम वाचून शिकागो विद्यापीठाच्या होरेस बायर्स यांनी त्यांना बोलावून घेतले. १९५३ मध्ये फुजिता शिकागोला पोचले. १९५७ साली नॉर्थ डकोटामधील फार्गो शहरावर टोर्नेडो आला. त्या दिवशी लोकांनी काढलेली दोनशेच्या आसपास छायाचित्रे त्यांनी गोळा केली. प्रत्येक चित्र कुठे उभे राहून काढले असेल, चित्रातली इमारत किती उंच आहे, याची मापे घेतली आणि सर्व चित्रे वेळेच्या क्रमाने लावून त्या वादळाचा मिनिटामिनिटाचा इतिहास उभा केला. ढगाच्या तळाशी उतरणाऱ्या भिंतीसारख्या भागाला त्यांनी ‘वॉल क्लाउड’ हे नाव दिले. आज वादळांवर नजर ठेवणारा प्रत्येक निरीक्षक पहिल्यांदा तेच शोधतो.

१९७१ मध्ये त्यांनी टोर्नेडोची प्रतवारी मांडली, एफ-शून्य ते एफ-पाच. आजही बातम्यांत जी इंग्रजी अक्षरे ऐकू येतात, त्यांतले ‘एफ’ म्हणजे फुजिता. या प्रतवारीतली खुबी अशी की ती वारा मोजतच नाही. ती मोडतोड मोजते. कौले उडाली, छप्पर गेले, भिंती गेल्या, की नुसता पाया उरला? त्यावरून वाऱ्याच्या वेगाचा अंदाज बांधायचा. त्याच सुमारास, मे १९७० मध्ये, टेक्सासमधील लबक शहर टोर्नेडोच्या तडाख्यात सापडले होते. तिथल्या विद्यापीठातील स्थापत्य अभियंत्यांनी पडलेल्या घरांची कसून तपासणी सुरू केली. त्यातून दिसले की घरे पुष्कळदा वाटते त्यापेक्षा कमी वाऱ्यातही पडतात, कारण छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला नीट जखडलेली नसते. म्हणून २००७ पासून अमेरिकेत फुजितांची प्रतवारी सुधारून वापरली जाते. बाहेरचा दाब अचानक घटल्याने घर फुग्यासारखे फुटते, ही समजूतही याच तपासणीने मोडीत काढली. वादळ येताच दाब समान करण्यासाठी खिडक्या उघडाव्यात, असा सल्ला पूर्वी दिला जाई. तो साफ चुकीचा. उघड्या खिडकीतून वारा आत शिरतो आणि छपराला खालून उचलतो. खिडक्या उघडण्यात गेलेला वेळ लपण्यातून वजा होतो, ते वेगळेच.

३ आणि ४ एप्रिल १९७४ या दोन दिवसांत अमेरिकेच्या तेरा राज्यांत १४८ टोर्नेडो उतरले आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. फुजिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातून फिरून त्यांच्या वाटा नकाशावर उतरवल्या. वेस्ट व्हर्जिनियावरून जाताना त्यांना जंगलात झाडे गोल गोल फिरून पडलेली दिसली नाहीत. ती एका बिंदूपासून बाहेरच्या दिशेने, चांदणीसारखी पडली होती. नागासाकीला पाहिलेला तोच आकार. काही ढग हवा वर ओढण्याऐवजी थंड हवेचा प्रचंड झोत खाली आपटतात, असे फुजितांनी मांडले.

पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान वादळात कोसळले आणि ११३ जणांचा बळी गेला. या अपघाताच्या मुळाशी असाच खाली आदळणारा झोत होता, असा निष्कर्ष फुजितांनी काढला. त्यांनी लहान आकाराच्या झोताला ‘मायक्रोबर्स्ट’ हे नाव दिले. अनेक सहकाऱ्यांना ते पटेना. तेव्हा १९७८ मध्ये शिकागोजवळ आणि १९८२ मध्ये डेन्व्हरजवळ रडार लावून शोध घेण्यात आला आणि झोत एकामागून एक पकडले गेले. त्यानंतर मोठ्या विमानतळांवर खास रडार बसले, वैमानिकांना नवे प्रशिक्षण मिळाले. पडलेल्या झाडांची लिपी वाचणाऱ्या या माणसाने आकाशात उडणाऱ्या किती जणांचे प्राण वाचवले, याची मोजदाद कोण करणार? १९९८ मध्ये फुजितांचे निधन झाले.

रडारचा डोळा

मोडतोड वाचायची तर वादळ होऊन गेलेले असते. ते येण्यापूर्वी दिसायला हवे असेल, तर ढगाच्या आत पाहणारा डोळा हवा.

रेल्वेचे इंजिन शिट्टी वाजवत फलाटाकडे येते तेव्हा शिट्टी तीव्र ऐकू येते आणि पुढे निघून गेले की तिचा स्वर उतरतो. डॉप्लर रडार याच तत्त्वावर चालते. रडारमधून निघालेल्या लहरी ढगातल्या पावसाच्या थेंबांवर, गारांवर आपटून परत येतात. थेंब रडारकडे येत असतील तर परतलेल्या लहरीत एका प्रकारचा फरक पडतो, दूर जात असतील तर उलट प्रकारचा. पडद्यावर येणारे थेंब हिरवे आणि जाणारे लाल रंगवले जातात. ढगात एका ठिकाणी गडद हिरवा आणि गडद लाल ठिपका एकमेकांना खेटून दिसला, की समजायचे तिथे हवा गरगरते आहे. इथेही वारा दिसत नाहीच. वाऱ्यावर स्वार झालेले थेंब दिसतात.

२४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातील युनियन सिटी या गावावर टोर्नेडो आला, तेव्हा नॉर्मन येथील वादळ संशोधन प्रयोगशाळेचे डॉप्लर रडार त्याच ढगावर रोखलेले होते आणि प्रयोगशाळेचे लोक कॅमेरे घेऊन रस्त्यावर होते. नंतर नोंदी आणि छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा आढळले की भोवऱ्याची खूण सोंड जमिनीला टेकण्यापूर्वीच ढगात उंचावर उमटली होती. इशारा देण्याजोगे काहीतरी प्रथमच हाती आले. १९९० च्या दशकात अमेरिकेभर दीडशेहून अधिक डॉप्लर रडारांचे जाळे उभे राहिले. १९८० च्या दशकात इशारा आणि वादळ यांमध्ये सरासरी पाच मिनिटांच्या आसपास अंतर असे, ते पुढे बारा-तेरा मिनिटांपर्यंत वाढले. २०१३ पर्यंत या रडारांत आणखी एक सुधारणा झाली. आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही प्रकारच्या लहरी सोडून ती समोरच्या वस्तूचा आकार ताडू लागली. थेंब गोलसर असतात. लाकडाच्या ढलप्या, पत्रे, फांद्या वेड्यावाकड्या असतात. भोवऱ्यात अशा वस्तू दिसू लागल्या, की टोर्नेडो जमिनीवर उतरला आहे आणि घरे मोडतो आहे, हे रात्रीच्या अंधारातही कळते.

वादळाच्या वाटेत

एवढे होऊनही एक अडचण राहतेच. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे. शंभर किलोमीटरवर तो किरण जमिनीपासून किलोमीटरहूनही उंचावरून जातो. म्हणजे माणसे जिथे राहतात तो खालचा थरच रडारला दिसत नाही.

म्हणून शास्त्रज्ञ वादळाच्या वाटेत जाऊन उभे राहू लागले. १९८० च्या दशकात पिंपाएवढे, सुमारे १८० किलो वजनाचे एक उपकरण बनवले गेले. त्याचे नाव टोटो. गाडीतून ते न्यायचे, टोर्नेडोच्या मार्गात उतरवायचे आणि पळ काढायचा. वर्षानुवर्षे प्रयत्न करूनही टोर्नेडो काही त्याच्यावरून नीट गेला नाही. १९८४ मध्ये नुसती एक झुळूक लागली आणि टोटो आडवे झाले. १९९६ च्या ‘ट्विस्टर’ या गाजलेल्या चित्रपटातले उपकरण यावरूनच सुचले होते.

टिम समारास या अभियंत्याने वेगळा विचार केला. त्याने जमिनीला चिकटून राहणारी बुटकी, शंकूच्या आकाराची उपकरणे बनवली. २४ जून २००३ रोजी साउथ डकोटातील मँचेस्टर या खेड्याजवळ टोर्नेडो त्यातल्या एकावरून गेला. मिनिटही झाले नसेल तोवर हवेचा दाब १०० मिलिबारने उतरल्याची नोंद झाली. समुद्रकिनाऱ्यावरून जवळजवळ नऊशे मीटर उंच डोंगर चढावा तेव्हा दाब एवढा उतरतो.

जोशुआ वर्मन यांनी १९९५ मध्ये रडारच मालमोटारीवर चढवले. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमातील मूर भागात उतरलेल्या टोर्नेडोत या चाकांवरच्या रडारने ताशी ४८० किलोमीटरच्या आसपास वेग नोंदवला. पृथ्वीवर मोजल्या गेलेल्या सर्वाधिक वेगवान वाऱ्यांमध्ये त्याची गणना होते.

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातच एल रेनो गावाजवळ टोर्नेडो उतरला. त्याची रुंदी ४.२ किलोमीटरपर्यंत पोचली. फिरत्या रडारांनी त्यात प्रचंड वेग टिपले, पण तो बहुतांशी मोकळ्या शेतांतून गेला. मोडायला घरेच नव्हती, म्हणून मोडतोडीवर आधारलेल्या प्रतवारीत तो मधल्या श्रेणीतच राहिला. त्या संध्याकाळी त्याने एकाएकी दिशा आणि वेग बदलला. टिम समारास, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघेही आपल्या मोटारीसह त्यात सापडले आणि ठार झाले. समारास हा सावध माणूस म्हणून ओळखला जाई. टोर्नेडोचा बाहेरून दिसणारा आकार आणि त्याच्या वाऱ्याचा खरा विस्तार यांत केवढे अंतर असू शकते, याचा हा सर्वांत कडू धडा होता.

संगणकातले वादळ

ज्याच्या जवळ जाता येत नाही, ते प्रयोगशाळेत बनवावे, ही कल्पनाही जुनी आहे. नील वॉर्ड यांनी पंखा आणि फिरती जाळी वापरून एका पेटीत लहानसा भोवरा तयार केला आणि १९७२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फिरकी वाढवत नेली की एका भोवऱ्याचे दोन, मग अधिक भोवरे होतात आणि ते एकाच केंद्राभोवती फेर धरतात, असे या पेटीत दिसले. फुजितांना शेतांवर उमटलेल्या वळणदार पट्ट्यांवरून नेमका हाच संशय आला होता. एकाच गल्लीतले एक घर जमीनदोस्त होते आणि शेजारच्या घराच्या खिडकीची काचही शाबूत राहते, याचे रहस्य या लहान भोवऱ्यांत आहे.

पुढची पेटी संगणकाची. आकाशाचे लहान लहान चौकोनी ठोकळे कल्पायचे, प्रत्येक ठोकळ्यातले तापमान, दाब, बाष्प, वारा यांचे आकडे भरायचे आणि भौतिकशास्त्राच्या नियमांनुसार क्षणाक्षणाने पुढे न्यायचे. उत्तर म्हणून आकड्यांचे डोंगर मिळतात, पण त्यांवर डोळे खिळवून कोणाला वादळ दिसणार? १९८९ मध्ये इलिनॉय विद्यापीठात रॉबर्ट विल्हेल्मसन आणि त्यांच्या गटाने अशा आकड्यांचा चित्रपट केला. ढगाचा पांढरा देह, त्यातून वाहणारे रंगीत फितींसारखे प्रवाह, वर चढणारे आणि खाली उतरणारे कण. त्यात चित्रकार आणि शास्त्रज्ञ एकत्र बसले होते. कोणत्या गोष्टीला कोणता रंग द्यायचा, काय पारदर्शक ठेवायचे, हा नुसत्या सजावटीचा प्रश्न नव्हता. प्रवाह कुठून आला आणि कुठे गेला, हे त्यावरच कळणार होते.

अलीकडे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ली ऑर्फ यांनी २४ मे २०११ च्या टोर्नेडोसारखे वादळ ‘ब्लू वॉटर्स’ या महासंगणकात उभे केले. आकाशाचे सुमारे १८० कोटी ठोकळे होते, प्रत्येक तीस मीटरचा. महासंगणकाला त्यासाठी तीन दिवसांहून अधिक काळ लागला. त्या चित्रांत ढगाच्या एका बाजूने जमिनीलगत वाहत येणारा आणि मळसूत्रासारखा फिरत वर खेचला जाणारा हवेचा एक प्रवाह ठळकपणे दिसला. टोर्नेडोला बळ पुरवण्यात त्याचा हात असावा, असा ऑर्फ यांचा तर्क आहे. प्रत्यक्ष ढगांतही तो शोधण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. एक फिरता ढग घात करतो आणि दुसरा विरून जातो, असे का, या कोड्याची किल्ली कदाचित अशाच एखाद्या प्रवाहात असेल.

अखेरची काही मिनिटे

२२ मे २०११. मिसुरी राज्यातील जॉप्लिन शहर. रविवारची संध्याकाळ. रडारने ढग पाहिला होता, इशारा सतराएक मिनिटे आधी दिला गेला होता, भोंगे वाजले होते. तरीही दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वादळ अतिशय भयंकर होते, हे एक कारण. पण हवामान खात्याने नंतर वाचलेल्या लोकांशी बोलून चौकशी केली, तेव्हा दुसरेही कारण पुढे आले. भोंगा ऐकून बहुसंख्य लोक लगेच आडोशाला गेले नव्हते. कोणी दूरदर्शन संच लावला, कोणी शेजाऱ्याला विचारले, कोणी दार उघडून आकाशाकडे पाहिले. भोंगे तर नेहमीच वाजतात, असे अनेकांना वाटले. पावसाच्या पडद्याआड टोर्नेडो लपला होता, आणि तो दिसेपर्यंत पुष्कळांना उशीर झाला होता.

यात लोकांना दोष देणे सोपे आहे. पण अमेरिकेत टोर्नेडोच्या दर दहा इशाऱ्यांपैकी सुमारे सात वाया जातात, हेही खरे आहे. ‘लांडगा आला रे आला’ असे सात वेळा ऐकल्यावर आठव्या वेळी कोण धावेल? खोटे इशारे कमी करावेत तर खात्री होईपर्यंत थांबावे लागते आणि मिळणारी मिनिटे घटतात. गेल्या काही वर्षांत तसे घडलेही. मिनिटे वाढवावीत तर विश्वास घटतो. हा पेच निव्वळ रडारने सुटणारा नाही.

म्हणून जॉप्लिननंतर इशाऱ्यांची भाषा बदलली. ‘टोर्नेडोची शक्यता’ एवढेच न सांगता घरांचे काय होईल, माणसांचे काय होईल, हे सरळ शब्दांत लिहिले जाऊ लागले. एके काळी जो शब्द उच्चारायला बंदी होती, त्याच्याआधी आता गरज पडेल तेव्हा ‘सर्वनाशी’ असे विशेषण जोडले जाते. शास्त्रज्ञाला पडद्यावर जे दिसले, ते घरात जेवायला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभे करायचे, ही आता या शास्त्राची सर्वांत अवघड पायरी ठरली आहे.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा आहे असे मानू नये. जगातला सर्वांत प्राणघातक टोर्नेडो अमेरिकेत झाला नाही. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील माणिकगंज जिल्ह्यात, दौलतपूर आणि सातुरिया परिसरात, तो उतरला आणि सुमारे तेराशे माणसांना घेऊन गेला. बंगालच्या उपसागराची दमट हवा आणि तिच्यावरून वाहणारे कोरडे वारे यांचा मेळ तिथेही जमतो. बंगालमध्ये वैशाखातल्या अशा वादळांना कालबैशाखी म्हणतात. १७ मार्च १९७८ रोजी खुद्द दिल्लीत, विद्यापीठाच्या परिसरातून टोर्नेडो गेला होता. महाराष्ट्रात टोर्नेडोचे भय फारसे नाही, पण वळवाच्या ढगांतून पडणारी वीज दरवर्षी शेतात राबणाऱ्या माणसांचे आणि गुरांचे बळी घेते. आज भारतीय हवामान खात्याची चाळीसहून अधिक डॉप्लर रडारे देशभर ढगांवर नजर ठेवून आहेत. विजेची पूर्वसूचना मोबाइलवर देणारी ‘दामिनी’ ही सोयही पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने केली आहे. पण सूचना येणे आणि झाडाखालून उठून पक्क्या घरात जाणे, यांतले अंतर इथेही माणसालाच कापायचे असते.

टोर्नेडोच्या प्रदेशातील मुलांना शाळेत एक साधा धडा दिला जातो. सर्वांत खालच्या मजल्यावर जा, घराच्या मधल्या, बिनखिडकीच्या खोलीत जा, खाली बसा, डोके झाका. त्याला अर्धे मिनिट पुरते. बाकीची मिनिटे फुजितांनी पडलेल्या झाडांतून, वर्मन यांनी रडारच्या ठिपक्यांतून आणि समाराससारख्यांनी प्राण देऊन मिळवली आहेत. ती दारात उभे राहून आकाश न्याहाळण्यासाठी नाहीत.